पस्तीस फुटांखालची भावकी

पस्तीस फूट पाण्याखाली भीमाशंकरनं योगीराजच्या नाकावर बुक्की मारली. पाण्यात बुक्की फार सावकाश येते. निघालेली दिसते, वाटेत दिसते, पोचताना दिसते. बाजूला सरकायला भरपूर वेळ मिळतो. पण माणूसही तितकाच सावकाश सरकतो. बुक्की वेळेवर पोचली. मास्कमध्ये पाणी शिरलं. नाकातून रक्त निघालं, ते हिरवट दिसलं. इतक्या खाली लाल रंग लाल दिसत नाही, हे कुबल सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तरी योगीराज दचकला. एवढ्या वर्षांच्या मारामारीत आपलं रक्त हिरवं त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

कुबल सर मालवणचे. गेल्या पुरानंतर तालुक्याला पाणबुडे तयार करायचे होते, म्हणून त्यांना बोलावून घेतलं होतं. सोनारीजवळच्या या गावातून दोन नावं गेली. गावात धड पोहता येणारे दोघंच, कारण पोहण्याजोगी विहीर एकच, आणि ती या दोन चुलत भावांच्या सामाईक मालकीची. त्याच विहिरीवरून अकरा वर्षं दोघांच्या घरांत कुऱ्हाडी निघत होत्या. भीमाशंकरनं योगीराजच्या बापाचा हात मोडला होता. योगीराजनं भीमाशंकरच्या डाव्या कानाचा वरचा भाग दातानं तोडला होता. सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी यादीत एकच आडनाव दोनदा वाचलं आणि दोघांची जोडी लावून टाकली.

"पाण्याखाली जोडीदार म्हणजे तुमचा जीव," सर म्हणाले. दोघांनी समजल्यासारखी मान हलवली.

आज सहावा दिवस होता. सर पहिल्यांदाच काठावर थांबणार होते, जोडीनं एकटं उतरायचं होतं. त्याच सामाईक विहिरीच्या तळाशी दगड भरलेलं पोतं टाकलं होतं. ते प्रेत समजून वर आणायचं. पाठीला सिलिंडर बांधताना भीमाशंकर हळूच म्हणाला होता, "खाली साक्षीदार नसत्यात, गड्या."

"मी बी त्याच्यासाठीच आलोय," योगीराज म्हणाला होता.

तेव्हा आता योगीराजनं गाळातला दगड उपसला आणि भीमाशंकरच्या डोक्यात घातला. दगडही सावकाशच गेला, पण दगड शेवटी दगड असतो. कपाळाची कातडी सोलली गेली. मग एकमेकांचे गळे धरून दोघं तळाशी गरागरा फिरले. वर बुडबुड्यांना उकळी फुटली. काठावर सरांनी समाधानानं मान डोलावली. पोरं मेहनती आहेत.

भीमाशंकर वयानं अकरा वर्षांनी मोठा आणि अंगानं दीडपट. त्यानं योगीराजचे पट्टे ओरबाडून सोडवले आणि पाठीवरचं सिलिंडर नळ्यांसकट खेचून काढलं. तोंडातला हवा देणारा रेग्युलेटर दातांतून निसटला. सगळं सामान खाली गाळात गडप झालं. योगीराज वर झेपावला, तर पाय अडकलेला. पाणी उपसायच्या जुन्या मोटारीचा दोर घोट्याभोवती आवळला होता. त्यानं हिसके दिले. दोर आणखी आवळला. छाती फुटायला आली. डोळ्यांपुढं काजवे चमकले, तेही हिरवे.

भीमाशंकरनं कमरेचा चाकू काढला.

आणि तो थांबला. गॅसवर दूध ठेवून बाहेर पडलेला माणूस रस्त्यात थांबतो, तसा थांबला. मग खाली वाकला. योगीराजनं डोळे मिटले. पायाला हिसका बसला. दोर तुटला होता. लगेच कुणीतरी त्याच्या दातांत रबर कोंबलं. योगीराजनं श्वास ओढला, आणि श्वास आला. सिलिंडरला एक जास्तीचा रेग्युलेटर असतो, जोडीदारासाठी. भीमाशंकरनं तो त्याला दिला होता.

पंधरा फुटांवर दोघं थांबले. वर येताना तिथं तीन मिनिटं थांबायचं, असा सरांचा नियम होता. भावकी भावकीच्या जागी, नियम नियमाच्या जागी. भीमाशंकरनं त्याला काखेत घट्ट धरलं होतं. दोघांची नाकं वीतभर अंतरावर. एकाच सिलिंडरमधली हवा कधी याच्या छातीत, कधी त्याच्या. एवढ्या जवळ ते कान तोडतानाच आले होते. योगीराजला आठवलं, याच विहिरीत, याच माणसाच्या पाठीवर बसून आपण पोहायला शिकलो. हा म्हणायचा, घाबरू नगं, दादा हाय ना. योगीराजला रडू फुटलं. पाण्याखाली रडता येतं, फक्त डोळे पुसता येत नाहीत.

दोघांची डोकी वर आली. काठावर उन्हं होती.

"दादा," योगीराज म्हणाला. अकरा वर्षांत हा शब्द त्यानं उच्चारला नव्हता. "तुझा जीव घ्यायला उतरलो हुतो रं मी. आन तू मला वाचवलंस?"

भीमाशंकर दम घेत होता. कपाळातून रक्त येत होतं, आता चांगलं लाल.

"प्रेत कुठाय?" सर वरून ओरडले.

"आज न्हाय जमलं, सर," भीमाशंकर म्हणाला. मग त्यानं योगीराजकडं तोंड केलं. "पस्तीस वय झालं माझं. सात वर्सांत सव्वीस पोरी बघितल्या. शेतकरी म्हणलं की चहाबी गार यायचा. परवा एकीनं व्हय म्हणलं. तिच्या बापानं रविवारचंच लगीन धरलंय. आन आज तू मेलास, तर भावकी म्हणून मला धा दिसांचं सुतक. तवर ती थांबल व्हय?"

योगीराजनं बराच वेळ पाण्यात नुसते पाय मारले.

"मग आता?"

भीमाशंकरनं ओल्या बोटांवर दिवस मोजले. "सोमवारी सत्यनारायण. मंगळवारी गोंधळ," तो म्हणाला. "बुधवारी ये."