काचेच्या पलीकडे

"ताब्याचा आदेश बदलावा असं नवीन काय घडलंय?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

विनायक खवणेकरनं गळ्याभोवतीचा मफलर सोडला. मानेच्या दोन्ही बाजूंना शस्त्रक्रियेनं बसवलेले माशासारखे ताजे, गुलाबी कल्ले होते. कोर्टात एकच गलबला झाला.

त्याची लेक शाल्मली समुद्राखालच्या वस्तीत कल्ले घेऊनच जन्मली होती. ती तान्ही असतानाच घटस्फोट झाला. ताबा आईकडे गेला आणि बापाला मिळाली रविवारची भेट, तीही काचेआडून.

"आता मीही तिथं राहू शकतो! निम्मे दिवस तरी पोर माझ्याकडे द्या."

"आधी पाण्यात राहून दाखवा बघू," बाई म्हणाल्या.

कोर्टातल्या पाण्यानं भरलेल्या काचेच्या टाकीत शाल्मली वाटच बघत होती. तो आत उतरला आणि जन्माच्या सवयीनं त्यानं श्वास रोखून धरला. कल्ले उघडेचनात! चेहरा लालबुंद झाला. शिपाई शिडीकडे धावला.

तेवढ्यात शाल्मलीनं बापाला काखेत गुदगुल्या केल्या. त्याला हसू फुटलं, तोंडात पाणी शिरलं आणि कल्ले फडफडत उघडले.

"बाबा, जमलं!" ती ओरडली. तिचा आवाज तो आज पहिल्यांदाच ऐकत होता.

काचेपलीकडे न्यायाधीश बाई नवा आदेश वाचून दाखवत होत्या. बापलेकीला त्यातला एक शब्दही ऐकू येत नव्हता.