दाराबाहेरचा सामना

समितीच्या खोलीचं दार आतून लागलं आणि ऑर्विल टॅकेट हॉटेलच्या कॉरिडॉरमधल्या सोफ्यावर धपकन बसला. शेजारी रॉस्को बर्डेट आधीच येऊन बसला होता.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या त्यांच्या खेळाचा, विजेता ठरवायला शेवटी चार संघ खेळणार होते. ते चार कोणते, हे मात्र खेळून नव्हे, तर आत बसलेली समिती मतं देऊन ठरवत होती. तीन नावं नक्की झाली होती. चौथ्या जागेसाठी दोन उरली होती, ऑर्विलचं मॉर्टन व्हॅली आणि रॉस्कोचं साउथ ब्रॅझोस. आपापल्या कॉलेजचे क्रीडाप्रमुख असलेले हे दोघेही समितीचेच सदस्य, पण आपल्या कॉलेजचा विषय निघाला की सदस्यानं बाहेर जायचं असा नियम. म्हणजे या दोन संघांची नस न् नस ज्यांना ठाऊक, ते बाहेर, आणि बाकीचे सगळे आत. याला निःपक्षपातीपणा म्हणतात.

"तेराच्या तेरा सामने जिंकलो आम्ही," ऑर्विल म्हणाला. "तुम्ही एक हरलात. आणखी काय करायला हवं होतं आमच्या पोरांनी?"

"जरा दमदार संघांशी खेळायला हवं होतं."

"पाच वर्षं तुला फोन करतोय, एक सामना ठेव म्हणून. ठेवलास?"

रॉस्को हसला. "तुमच्याशी जिंकलो तर कुणी विचारत नाही, आणि हरलो तर नाक कापलं जातं. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल?"

"म्हणजे खेळायला तुम्ही यायचं नाही, आणि मग म्हणायचं, हे कुणाशी खेळलेच नाहीत."

रॉस्कोनं पाय लांब केले आणि छताकडे पाहिलं.

ऑर्विलच्या संघातली निम्मी पोरं मे महिन्यात पदवी घेऊन आपापल्या वाटेनं जाणार होती. लहानशा गावातलं कॉलेज ते. असा संघ तिथं पुन्हा जमेल आणि तो बघायला आपण असू, अशी आशा धरण्याचं त्याचं वय राहिलं नव्हतं. त्याला दारावर लाथ मारावीशी वाटत होती. त्याऐवजी त्यानं टीपॉयवरची सुक्या मेव्याची बशी पुढे ओढली आणि त्यातले दाणे वेचून रांगेत मांडायला लागला.

रॉस्को लगेच पुढे वाकला. दोघेही जुने प्रशिक्षक. काय चाललंय हे विचारायची गरज नव्हती.

"माझे अकरा कुठले?"

"बदाम तुझे. आमचे शेंगदाणे."

"इथंही?"

"सवय आहे आम्हाला."

बेदाणा हा चेंडू. तो घेऊन टीपॉयची समोरची कड गाठली की सहा गुण, नुसता टिचकीनं कडेपार उडवला तर तीन. नियम एकच होता, तोही कुणी बोलून दाखवला नाही. समोरच्याला पटली तरच चाल धरायची.

सुरुवातीला बदामांनी शेंगदाण्यांना भरडून काढलं. "तुझी पुढची फळी हलकी आहे रे," रॉस्को बेदाणा सरकवत म्हणाला. ऑर्विलनं मान डोलावली. हलकी होतीच. मग त्यानं एक शेंगदाणा डाव्या कडेनं मोकळा सोडला.

"हा आमचा डेझमंड. याला पळताना पाहिलंयस ना? धर याला."

रॉस्कोनं एक बदाम उचलला, थोडा पुढे नेला आणि परत जागेवर ठेवला. "नाही धरता येत," तो म्हणाला.

कॉफी गार झाली. आत कुणीतरी खो खो हसलं.

"हसतायत," ऑर्विल म्हणाला. "पोरांचा जीव टांगणीला लागलाय आणि हे हसतायत."

"खेळ तू. तिकडं लक्ष देऊ नकोस."

बदाम तीन गुणांनी पुढे होते. ऑर्विलच्या हातात एकच चाल उरली होती. तेवढ्यात दार उघडलं आणि समितीच्या सचिवबाई बाहेर आल्या.

"या दोघंही. ठरलं."

त्यांच्या मागे भिंतीवरचा पडदा दिसत होता. चौथ्या ओळीत साउथ ब्रॅझोस. अक्षरं चांगली मोठी होती, ऑर्विलला चष्मा लागला नाही. तो गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागला.

"बस," रॉस्को म्हणाला.

"अरे, ठरलं ना आता."

"त्यांचं ठरलं. तुझी चाल राहिलीय."

"आता कशाला थट्टा करतोस?"

"चाल म्हणतोय ना."

ऑर्विल पुन्हा बसला. त्यानं बेदाणा डाव्या कडेला डेझमंडकडे टाकला आणि शेंगदाणा आणि बेदाणा दोन्ही मिळून सरळ समोरच्या कडेच्या दिशेनं ढकलत नेले.

"टीव्हीवाले खोळंबलेत हो," सचिवबाई म्हणाल्या.

रॉस्कोनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तो आपल्या बदामांवरून एकेक करून नजर फिरवत होता. एकावर त्यानं बोट ठेवलं, अंतराचा अंदाज घेतला आणि बोट काढून घेतलं. दुसऱ्यावर ठेवलं, तेही काढलं.

"माझा कुणीच पोचत नाही तिथं," शेवटी तो म्हणाला. "हरलो मी."

मग त्यानं टायची गाठ नीट केली आणि अभिनंदन स्वीकारायला आत गेला.