झांबेताची दृष्ट

“थू थू थू!” डॉक्टरीणबाईंची पाठ वळताच स्तामाता आजी चर्चच्या पायरीवर थुंकली. “अथेन्सहून आली नि आमच्या पोरांना आंधळं ठरवतेय!”

डॉक्टर एव्हांथिया एवढंच म्हणाल्या होत्या, की शाळेत घालण्याआधी प्रत्येक मुलाचे डोळे तपासून घ्या. एक डोळा अधू असला तरी मूल दुसऱ्यावर निभावून नेतं, त्याचं त्यालाही कळत नाही. पण जाता जाता त्या म्हणाल्या, दृष्ट काढणाऱ्या म्हाताऱ्यांच्या नादी लागू नका. तिथंच सगळं बिनसलं.

“माझी झांबेता डोंगरावरून बापाची होडी ओळखते,” लेमोनिया म्हणाली. “तिला कशाला डॉक्टर?” बायकांनी माना डोलावल्या. बेटावर आजीचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

शाळा सुरू होण्याआधी मुलांची दृष्ट काढायची रीत. लेमोनिया पाच वर्षांच्या लेकीला आजीकडे घेऊन गेली. आजीनं पाण्यात तेलाचे थेंब सोडले, काहीबाही पुटपुटली आणि झांबेताचा डावा डोळा तळव्यानं झाकला.

“त्या तसबिरीतल्या संताच्या हातात काय गं?”

“किल्ली!”

मग दुसरी तसबीर दाखवून आजीनं उजवा डोळा झाकला. झांबेतानं तिचा हात ढकलला. “काढ ना! काहीच दिसत नाही.”

आजीनं हात काढला. “फार जबर दृष्ट आहे, लेमोनिया. माझ्या तेलानं निम्मीच उतरली. उरलेली त्या बाईकडे उतरेल. उद्याच ने, नाहीतर जन्माची राहील.”

“त्या थापाडीकडे?”

“काट्यानंच काटा निघतो, बाई.”

डॉक्टरांनी झांबेताला चष्मा दिला, चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली. “वेळेवर आणलंत. आणखी काही वर्षं गेली असती, तर डावा डोळा सुधारणं कठीण होतं.”

लेमोनियाला वाटलं, म्हातारीच्या विद्येला हात जोडावेत तेवढे थोडेच! संध्याकाळी ती ताजं चीज घेऊन आजीकडे निघाली. दार अर्धवट उघडं होतं. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला.

“तळवा असा घट्ट धरा आजी, फटीतून दिसायला नको. आणि तसबिरी थोड्या लांब टांगा.”

“टांगते. अजून काही?”

“चर्चपाशी शिव्या जरा सणसणीत द्या. या वेळी मवाळ पडल्या.”