बॅकअपचा नंबर शेवटी

बॅकअप सुसाट सुटला होता. शेजारच्या टेबलावरचा सहकारी स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाला, चला, तुझ्या घरचं रडगाडगं एकदाचं मार्गी लागलं. ज्याला हे म्हटलं, त्याने मात्र फोन हातात घेतला.

घरच्या लिनक्स कॉम्प्युटरवर त्याची लेक अंथरुणात बसून एक ॲनिमेशन फिल्म काढत होती. डॉक्टरांनी हात टेकले होते, पोरीने पेन सोडलं नव्हतं. डिस्क जुनी, कधी दगा देईल नेम नाही, म्हणून बापाने बॅकअप लावला. पण बॅकअप सुरू झाला की डिस्क त्यातच गुंतायची आणि पोरीची स्क्रीनवरची रेघ अर्ध्यावर अडकायची. दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर सुधारणाऱ्या माणसाला घरी बोलणी बसायची. एकदा मात्र ती चिडली नाही.

"बाबा, माझ्याकडे वाट बघायला वेळ नाहीये."

त्याच दिवशी त्याने बॅकअपला रांगेत सगळ्यात शेवटी उभं केलं. डिस्क मोकळी असेल तरच त्याने पुढे सरकायचं. रेघ पुन्हा सरसर पळू लागली. बॅकअप गोगलगाय झाला, कारण डिस्क मोकळी असायचीच कुठे? जागेपणी पोरगी चित्रं काढायची. डोळे मिटताना, अगदी डुलकी काढायची असली तरी, ती चित्रं जोडायचं काम मशीनला लावून द्यायची. तो ऑफिसातून सारखा बघायचा, बॅकअप कुठवर आलाय. सुरुवातीला सरकत नाही म्हणून जीव टांगणीला लागायचा. मग कधीतरी उलटंच झालं. बॅकअप जागचा हलला नाही की बापाला घास गोड लागायचा.

आज मात्र बॅकअप धावत होता. त्याने घरी फोन लावला. बायकोचा आवाज कितीतरी दिवसांनी हलका वाटला. पोरीने आज औषधही मागितलं नाही, ती म्हणाली, दुखण्याची तक्रार नाही, छान झोप लागलीय. पडदे ओढून ती स्वतः जरा बाहेर येऊन टेकली होती.

"झोपताना तिने मशीनला काम लावलं होतं का?"

"नाही रे. पेन हातातच आहे अजून. हळू बोल, उठेल ती."

समोर बॅकअप पूर्ण झाला. आयुष्यात इतकं वाईट त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि बायकोला अजून काहीच ठाऊक नव्हतं.

"आत जा," तो म्हणाला. "तिला हात लावून बघ."