पत्र्याचा घाम

१९५५ साल. पिंपरीच्या माळावर कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांत चिमाजी ठेकेदाराने कधी डोकावलंही नव्हतं. पावसाळ्यात पत्र्याला आतून घाम सुटायचा आणि थेंब थेंब अंथरुणावर गळायचा. त्यातल्याच एका खोलीत राहणाऱ्या मंजुळाच्या तान्ह्या लेकीची छाती कफाने भरली, तेव्हा छताला लावायला चार पेंढ्या मागत ती ठेकेदाराकडे गेली.

"सिमेंट भिजलं तर दगड होतं. माणूस भिजला तर वाळतो," तो हसत म्हणाला.

तिसऱ्या दिवशी लेक गेली.

पुढच्या वैशाखात सिमेंटच्या गोदामाला पत्र्याखाली पेंढा भरून खालून गोणपाट शिवायचं काम त्याने मंजुळालाच दिलं. दहा दिवस दाभण चालवून तिने असं छत शिवलं की ठेकेदार मान वर करून बघतच राहिला. "ढोलकीगत ताणलंय!" म्हणाला, गोदाम पोत्यांनी भरलं आणि कुलूप घातलं.

श्रावणात सिमेंटची गरज पडली. भर पावसात ठेकेदार स्वतः आला आणि कुलूप काढलं. पोत्यांचे धोंडे झाले होते, पहारीनेही फुटेनात. चवताळून तो पोत्यांवर चढला आणि त्याने छताचं गोणपाट टराटरा फाडलं. आत पेंढ्याची एक काडी नव्हती.

मंजुळा दारात उभी होती. नखशिखांत निथळणाऱ्या ठेकेदाराला तिने डोळे भरून पाहून घेतलं.



"मालक, तुमी पार भिजला की. आमच्या खोलीत या वाळायला. वर चांगला हातभर पेंढा हाय."