ठेक्यात बेसूर

वरचा सा खचला. बाईंनी ऐन उमेदीत गायलेला, चारचौघांत गाजलेला तो लांबलचक सा नव्या रेकॉर्ड प्लेअरमधून निघाला आणि ओल्या चादरीने दोरी खाली ओढावी तसा मध्येच झुकून पुन्हा वर आला. पुन्हा खाली. पुन्हा वर.

सून भिंतीकडे बघत बसली. हसू आलं तरी हसायची सोय नव्हती, कारण बाई नुसत्या सासू नव्हत्या, तिच्या गुरूही होत्या. सूर कसा खुंटी ठोकल्यासारखा उभा राहायला हवा, हे तिने वर्षभर रोज सकाळी ऐकलं होतं. आणि कालच तिने हात टेकले होते. आई, मला कानच नाही, उगाच तुमचा वेळ घालवतेय, आता बंद करते, असं म्हणाली होती. म्हणून तर बाईंनी ही जुनी तबकडी आज बाहेर काढली होती. उभा सूर म्हणजे काय ते एकदा ऐक आणि मग काय ते ठरव, असं त्यांचं म्हणणं. आता तोच सूर असा लोळण घेताना ऐकल्यावर ठरवायचं काय राहिलं?

सासरे मदतीला धावले आणि नेहमीप्रमाणे पाय खोलात घालून बसले. मशीन कोरं करकरीत आहे, ते म्हणाले, त्याला काय धाड भरलीय? त्या दिवशी तुझा घसाच बसला असेल. सगळी नोकरी गोदाम सांभाळण्यात गेलेली. सीलबंद खोक्यातून आलेल्या मालात खोट असू शकते हे त्यांना पटतच नसे.

बाई चिडल्या नाहीत. तबकडीच्या फिरत्या लेबलवर नजर ठेवून त्यांनी आणखी काही फेरे ऐकले आणि मग सुई उचलली.

"घसा बसला की माणूस कुठेही घसरतो," त्या म्हणाल्या. "दर फेऱ्याला, त्याच जागी, तेवढाच नाही घसरत. असं ठेक्यात कुणी बेसूर होत नाही. हे मशीनचं काम आहे."

त्यांनी तबकडी उतरवली. तबकडी जिच्यावर बसते ती जड थाळी तेवढी राहिली. शेजारी पेला उपडा घातला, त्यावर पेन्सिल आडवी ठेवली, टोक थाळीच्या कडेला लागेल न लागेल असं. मग थाळी हाताने सावकाश फिरवली. कड एकदा वर येऊन पेन्सिलीला ढोसायची, एकदा खाली जाऊन खालच्या लाकडाला घासायची. घासली की थाळी अडखळायची, आणि थाळी अडखळली की सूर उतरायचा. वर तबकडी नव्हती, तरी हेच. म्हणजे तबकडी आरोपातून सुटली आणि तिच्यावर गाणारीही सुटली.

मग बदलून आणू, सासरे म्हणाले. खोकं, थर्माकोल, बांधायच्या दोऱ्यासुद्धा त्यांनी जपून ठेवल्या होत्या. बाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. ही थाळी बसवली कुणी, एवढंच विचारलं. मीच, सासरे म्हणाले. आणि बसवताना खाली काय होतं? यावर सासरे खिडकीबाहेर बघू लागले.

बाईंनी थाळी उचलली. मधल्या खुंट्याभोवती, थाळी जिथे टेकते तिथेच, कारखान्यातलं पातळ प्लॅस्टिक तसंच्या तसं होतं, एका बाजूला चुरगळून दुमडलेलं.

या घरात टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकमध्ये होता. फ्रिजच्या दारावरचं वेष्टन पिवळं पडून आपणहून गळालं होतं. कोचावर बसलं की चुरचुर व्हायची. गल्लीत सासऱ्यांना वेष्टनराव म्हणत, आणि त्यांना ते कौतुकच वाटे.

"ओरखडा पडू नये म्हणून राहू दिलं," ते म्हणाले. "खाली कुणाला दिसतंय?"

"दिसत नाही," बाई म्हणाल्या. "ऐकू येतं."

त्यांनी प्लॅस्टिक सोलून नवऱ्याच्या हातात दिलं. सासऱ्यांनी ते नीट घडी करून खिशात ठेवलं. थाळी पुन्हा बसली, फिरली, आणि पेन्सिलीपासूनची फट सगळीकडे सारखी राहिली.

या खेपेला सा उभा राहिला. सुनेच्या अंगावर काटा आला. हे गाणारी म्हणजे रोज आपल्याला भाजी निवडायला लावणारी हीच बाई, हे तिला खरंच वाटेना. गाणं संपलं तेव्हा सासऱ्यांचे डोळे भरून आले होते. कुठे म्हणून बोट ठेवायला जागा नाही, ते म्हणाले, तेव्हाही सगळे हेच म्हणाले होते.

सून मात्र कोचावरचं प्लॅस्टिक नखाने कुरतडत होती.

"आई, रागावू नका," ती चाचरत म्हणाली. "शेवटी खाली उतरताना गंधार किंचित चढा लागला का? की थाळी अजून हलतेय?"

सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. बाईंनी सुई पुन्हा त्याच जागी ठेवली. तिघांनी ऐकलं. सासऱ्यांना काहीच कळलं नाही.

"थाळी हलत असती तर पुढच्या फेऱ्यालाही झालं असतं," बाई म्हणाल्या. "एकदाच झालं ना? मग ते माझं."

सून ओशाळली. पण बाईंचा चेहरा असा खुलला होता, की तसा तो गाण्यातल्या त्या सा वरही खुलला नसेल.

"इतकी वर्षं लोक ही तबकडी वाखाणतायत. तो गंधार आजवर एकालाही ऐकू आला नव्हता." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, कोचावरचं प्लॅस्टिक आजच काढा. उद्या सकाळी ही गायला बसेल, तेव्हा मला मध्ये चुरचुर नको."