कप्तानाचा पटका

वीरप्पाचं वागणं रुद्रम्माला आठ दिवस खुपत होतं. लेक हुतूतूचा कप्तान झाला आणि त्यानं पहिलं काम काय केलं, तर चढाईचा सगळ्यात चांगला गडी दस्तगीर, त्यालाच काढून टाकला. “अव्वा, रझाकाराचे दिवस हायत. मुसलमान गडी खेळवला तर लोक काय म्हणत्याल?” त्याच्या जागी धाकटा भाऊ शिवलिंगप्पा घेतला. आईचं ऐकतो कोण!

आणि आज जत्रेत, जळकोटशी डाव ऐन रंगात आला असताना शिवलिंगप्पाचा खांदा निखळला. गावातली हाडं बसवायची ती रुद्रम्मानंच. तिनं लेकाच्या काखेत टाच रोवली, हात ओढला. खट्कन आवाज झाला.

“बसला न्हवं? ऊठ रे,” वीरप्पा घायकुतीला आला होता. “शेवटची चढाई राहिलीय. तीन वर्षं ढाल जळकोटलाच जातीय, अव्वा!”

ढाल तिलाही हवी होती, त्याच्याहून जास्त. पण तिनं वीरप्पाच्या कमरेचा कप्तानाचा लाल पटका ओढून काढला आणि त्याच पटक्यानं शिवलिंगप्पाचा हात छातीशी करकचून बांधला.

“ह्यो महिनाभर खेळत न्हाय. तिकडं लिंबाखाली बघ. तू काढून टाकलास, तरी दस्तगीर सकाळधरनं लुंगी खोचून उभा हाय. जा, समद्यांदेखत हात जोड त्याला. आन लोक काय म्हणत्यात, ते मग मला येऊन सांग.”